पुंजारामची शेवटची चढाई

मागच्या महिन्यात तालुका क्रीडा महोत्सवाची काही पोरं माझ्याकडे आली. त्यांना स्मरणिका काढायची होती आणि तिच्यात सत्तरच्या दशकातल्या आमच्या कबड्डी संघाच्या दौऱ्याचं वर्णन हवं होतं. त्या संघातले आम्ही आता बोटावर मोजण्याइतके उरलो आहोत, आणि कर्णधार मी होतो. मुखपृष्ठासाठी त्यांनी एक जुना फोटो शोधून काढला होता. त्यात आमचे व्यवस्थापक आप्पा पुंजारामच्या गळ्यात हात टाकून उभे आहेत. फोटोखाली काय छापणार तेही त्यांनी ठरवून आणलं होतं: 'जिथे कबड्डीने जातीच्या भिंती पाडल्या.'

मी त्यांना चहा पाजला आणि लिहून देतो म्हणालो.

हा तो मजकूर. स्मरणिकेत तो छापतील असं मला वाटत नाही. त्या पोरांनी तो दौरा पाहिलेला नाही, म्हणून त्यांचा राग येत नाही. आम्ही पाहिलेला आहे, आणि तरी आम्ही इतकी वर्षं सत्काराच्या प्रत्येक खुर्चीत बसून तेच वाक्य मान हलवत ऐकत आलो.

निघताना

तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता. परभणी जिल्ह्यातला आमचा एक तालुका होता. कापसाची वेचणी सरत आली, ज्वारी हुरड्यावर आली, की गावोगावच्या जत्रांमध्ये कबड्डीचे सामने सुरू होत. प्रत्येक गावाची वेगळी ढाल. लहानसहान सामने जिंकत जायचं आणि शेवटी नांदेडच्या अंगाच्या एका गावातली मोठी ढाल घरी आणायची, असा आप्पांचा बेत होता.

आप्पा आमच्या गावचे मोठे शेतकरी. स्वतः कधी मैदानात उतरले नव्हते, पण गळ्यात शिट्टी कायम. ती वाजवायचा हक्क पंचाचा असतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. ते माझे सख्खे मामा होते, आणि मी कर्णधार होण्याचं दुसरं काही कारण मला आजही सापडत नाही.

संघ म्हणून आम्ही सुमार होतो. हे कोणी कबूल करणार नाही, म्हणून मी करतो. पकडीसाठी ज्याचं नाव होतं तो गंगाधर समोरच्याचा पाय जितक्या वेळा धरायचा, त्याच्या दुप्पट वेळा स्वतःची मिशी धरायचा. बाकीचे अंगाने धट्टेकट्टे आणि डोक्याने बैल.

खेळाडू एकच होता. पुंजाराम. आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला, बाप जिनिंगमध्ये हमाल, हा मॅट्रिक होऊन घरी बसलेला. चढाईला गेला की एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत तो इतका वेळ आत राहायचा, की समोरचे कंटाळून चूक करायचे. मध्येच आवाज थांबला, म्हणजे दम तुटला, की गडी बाद. हा खेळाचा पहिला नियम. पुंजारामचा दम तुटलेला कोणी पाहिला नव्हता. तो नसता तर आप्पांनी दौऱ्याचं नावसुद्धा काढलं नसतं.

बचावाला उभं राहताना आम्ही हाताला हात धरून साखळी करायचो. माझा डावा हात पुंजारामच्या उजव्या हातात असायचा. सबंध हंगाम. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुसेगाव

पुसेगावला आम्ही नवे बनियन घालून उतरलो. आप्पांनी ते घरीच भगव्या रंगात बुडवून घेतले होते. पहिल्या पाच चढायांत घाम फुटला आणि रंग सुटला. पाठी, काखा, धोतरं, सगळं हळद लागल्यासारखं पिवळं-केशरी. बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "नवरदेव कोन्ता हाये यायच्यातला?" त्यानंतर सामना संपेपर्यंत लोक आम्हाला वऱ्हाडी म्हणून हाका मारत होते.

तरी आम्ही जिंकलो, कारण पुंजारामने एकट्याने समोरचा अर्धा संघ बाद केला. त्याचा बनियन तेवढा पांढरा होता. रंगात बुडवलेले बनियन आप्पांच्या घरातून वाटले तेव्हा त्याच्या वाट्याला आला नव्हता. कमी पडला, असं सांगितलं होतं.

पाहुण्या संघाला जेवू घालायची पद्धत सगळीकडे सारखीच होती. गावातलं एखादं मोठं घर पंगत द्यायचं. ओसरीवर पाट मांडलेले, आत बायका भाकऱ्या थापतायत, जवसाची चटणी, पिठलं, कढी. आम्ही हातपाय धुऊन ओसरीच्या पायऱ्यांशी आलो की आप्पा थांबायचे. आवाज अगदी मऊ करायचे.

"पुंजाराम, तुहे पाहुणे हायेत न्हवं इथं?"

"हायेत की आप्पा," पुंजाराम म्हणाला. "आमचे पाहुणे समद्या गावात हायेत. हुडकायची तकलीफ न्हाई. गाव कोन्तंबी असो, एकाच अंगाला सापडतेत."

आप्पा हसले. आम्हीही हसलो. तो खांद्यावर टॉवेल टाकून शिट्टी मारत निघून गेला आणि आम्ही पाटावर बसलो. आप्पांचं कौतुक असं, की त्यांनी आयुष्यात कोणाला 'तू इथे बसू नको' म्हटलं नाही. ते फक्त पाहुण्यांची चौकशी करायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाराम ढेकर देत आला. त्याच्या पाहुण्यांनी कोंबडं कापलं होतं. गंगाधर पिठल्यावर झोपला होता, त्याला ते फार लागलं.

"एकटा खाऊन राहिला काय रे? आणायचा ना डब्यात."

"आणला आसता," पुंजाराम म्हणाला. "खाल्ला आसता का?"

गंगाधरने मिशी धरली.

कळमनुरी

कळमनुरीला आठवडी बाजार होता आणि सामने वजनी गटाचे होते. वजन जास्त भरलं की खेळाडू बाहेर. म्हणून आदल्या दिवसापासून सगळे उपाशी. सकाळी अडत दुकानात कापूस तोलायच्या मोठ्या काट्यावर एकेकाला लंगोटावर बसवायचं, दुसऱ्या पारड्यात मापं. तुरीची पोती घेऊन आलेले शेतकरी आपला नंबर सोडून आम्हाला बघत उभे.

गंगाधर जास्त भरला. आप्पांनी त्याला घोंगडं पांघरून उन्हात पळवलं. परत बसवला, तरी जास्त. मग त्याचं डोकं भादरलं. तरी पारडं खालीच. काट्यावरचे दाढीवाले चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "पहलवान, मूँछ निकाल दो, बराबर हो जाएगा." आख्खा बाजार हसला. मिशी काही गंगाधरने काढू दिली नाही. थुंकून थुंकून वजन बसवलं. ज्याच्या तोंडातून शब्द निघायला उशीर लागायचा, त्याच्या तोंडातून त्या दिवशी पेलाभर थुंकी निघाली.

वजन झालं की लगेच पोटभर खायचं, दोन घटका पडायचं आणि मग सामना, अशी वजनी गटाची रीत. उपाशीपोटी चढाई होत नाही. दम पोटातून येतो. हे आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं. हेही लक्षात ठेवा.

कळमनुरीत पंगत नव्हती. बाजाराच्या गर्दीत कोण घालणार? आप्पांनी सगळ्यांना स्टँडजवळच्या हॉटेलात नेलं. एकच लांब बाकडं मोकळं होतं. आम्ही ओळीने बसलो आणि पुंजाराम आप्पांच्या शेजारी बसला, कारण तिथेच जागा होती. भजी आली, उसळ आली, पाव आला. आप्पांनी त्याच्या पुढ्यातली भजी उचलून खाल्ली. मी बघत होतो. काही झालं नाही. आभाळ जागेवर होतं, आप्पांच्या पोटात दुखलं नाही.

मला त्या वेळी बरं वाटलं होतं. आता लाज वाटते ती त्या बरं वाटण्याची. कारण हॉटेलात आप्पांना ओळखणारं कोणी नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता. माणसं ओळखीच्या जागी धर्म पाळतात आणि अनोळखी जागी भूक. आमच्या तालुक्यात हे सगळ्यांना जमत असे.

कळमनुरीचा सामना आम्ही पुंजारामच्याच चढायांवर जिंकला. भादरलेल्या डोक्याने गंगाधर उन्हात चमकत होता, तेवढाच त्याचा वाटा.

डोंगरकडा

कयाधू नदीचं खोरं मागे पडलं. डोंगरकड्याकडे हिरवाई वेगळी. आमच्याकडे विहिरीच्या तळाला चिखल राहायचा त्या दिवसांत इथे कालव्याच्या पाण्यावर केळी उभ्या होत्या. आम्ही बांधावरून चालताना तोंडं उघडी टाकून बघत होतो. एका शेतकऱ्याने प्रत्येकाच्या हातावर हुरडा ठेवला, शेंगदाण्याची चटणी ठेवली. पुंजारामच्याही हातावर ठेवली, वरून, जरा उंचावरून.

इथे पुंजारामची सख्खी मावशी राहायची. चढ्या आवाजाची, कमरेला पदर खोचलेली बाई. सामन्याला ती मैदानाच्या कडेला बायकांत येऊन बसली आणि पंचापेक्षा मोठ्याने बोलत राहिली. मी साखळीत जरा ढिला पडलो तशी तिची हाक आली:

"ए कॅप्टन, धर की माह्या लेकराचा हात नीट. इटाळ व्हतो का खेळतानी?"

बायका हसल्या. मी हात घट्ट धरला. त्या सामन्यात आम्ही दोघांनी मिळून त्यांचा सगळ्यात चांगला चढाईवाला रेषेवर लोळवला. माझ्या आयुष्यातली ती एकच खरी पकड. त्याचा घाम माझ्या तोंडात गेला होता, माझं रक्त त्याच्या कोपरावर लागलं होतं.

जिंकल्यावर आप्पा धावत आत आले आणि पुंजारामला मिठी मारली. नांदेडहून कोणीतरी कॅमेरेवाला आला होता. आप्पांनी त्याला हाक मारली, पुंजारामच्या गळ्यात हात टाकला, छाती काढली. तोच हा फोटो. तो खोटा नाही. आप्पांना त्या क्षणी खरंच आनंद झाला होता. फोटो निघाला, आप्पांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, "जा, मावशी वाट बघून राहिली आसंल." आम्ही सगळे विहिरीवर गेलो. पंगतीआधी अंघोळ करायची आमच्यात टूम निघाली होती. घाम फार येतो, असं गंगाधर म्हणायचा. मीही केली. डावा हात जरा जास्त चोळला की नाही, हे आता आठवत नाही, असं लिहिणार होतो. आठवतं. चोळला.

मोठ्या ढालीचं गाव

या गावाचं नाव मी लिहीत नाही. दोष गावाचा नव्हता. दुसरं कोणतंही गाव असतं तरी तेच झालं असतं, कारण माणसं आम्हीच होतो.

इथेही वजनी गट. सकाळी काटा. मावशीने दोन दिवस खाऊ घालून पुंजारामचं वजन वाढवून ठेवलं होतं, म्हणून तो सगळ्यांच्या आधीपासून, म्हणजे आदल्या दुपारपासून, पाण्यावर होता. काट्यावर अगदी बेताचा बसला. उतरताना म्हणाला, "आता बैलबी खाईन."

वजनं झाली आणि आम्ही ज्यांच्या घरी पंगत होती तिकडे निघालो. त्या दिवशी बेत मोठा होता. अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे जाड रोडगे भाजत होते, वांग्याची भाजी रटरटत होती, वरणावर तुपाची धार. आप्पांनी पायऱ्यांशी येऊन नेहमीची चौकशी केली. पुंजारामने या वेळी काही टोला दिला नाही. भुकेला माणूस कमी बोलतो. तो वळून गावाच्या दुसऱ्या अंगाला गेला.

आम्ही पाटावर बसलो, पहिला घास तोंडात होता, तेव्हा तो फाटकाशी परत आलेला मला दिसला. हाताने बोलावत होता. मी उठून गेलो.

"आमचा सगळा वाडा कुलूपबंद हाय," तो म्हणाला. "एक म्हातारं अन् शेळ्या. बाकी समदे ट्रकात बसून लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेत. त्या म्हाताऱ्याच्या टोपल्यात कालचा तुकडाबी न्हाई."

"मंग?"

"मंग काय? तूच सांग. कॅप्टन हायेस."

मी मागे वळून पाहिलं. आप्पा वाढणाऱ्याला 'अजून तूप' म्हणत होते.

"थांब," मी म्हणालो. "मी घिऊन येतो. पळसाच्या पानावर आणतो. इथंच थांब."

"लवकर आन. सामना हाय दुपारी."

मी येऊन पाटावर बसलो. विचार असा होता, की दोन घास खावेत, पंगत उठली की मागच्या बाजूने जाऊन बायकांकडून मागून घ्यावं. आप्पांसमोर नको, यजमानांसमोर नको, उगीच चर्चा नको. यजमान हातात रोडगा घेऊन मागे उभे. "घ्या कॅप्टनसाहेब, दम पोटातूनच येतो." मी घेतला. पुन्हा घेतला. तूप भरपूर होतं. जेवून मी ओसरीच्या खांबाला टेकलो, जरासा, पंगत आवरेपर्यंत. मग आडवा झालो.

जाग आली ती मैदानावरच्या हलगीने.

आमच्या हातून जे झालं ते एवढंच. कोणी कट केला नाही, कोणी त्याला शिवी दिली नाही. कर्णधाराला तुपाची झोप लागली.

मैदानावर पोहोचलो तेव्हा पुंजाराम आधीच लिंबाखाली बसला होता. लंगोट कसलेला, मातीने हात चोळत होता. मी त्याला जेवलास का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. त्यानेही काही विचारलं नाही. साखळी केली तेव्हा त्याचा हात कोरडा आणि गरम होता.

सामना त्या हंगामातला सगळ्यात चुरशीचा झाला. आम्ही मागे, मग बरोबरीत, मग पुन्हा एका गुणाने मागे. शेवटची चढाई आमची. आप्पा कडेने ओरडत होते, "पुंजाराम, पुंजाराम, माह्या वाघा." तो आत गेला. त्या संघाचे चौघे उभे होते. त्याने डावीकडे हूल दिली, उजव्या कोपऱ्यातल्याला पायाने टिपला, वळता वळता दुसऱ्याच्या खांद्याला हात लावला आणि सुटला. त्याला कोणी धरलेलं नव्हतं. मागे कोणी येतही नव्हतं. मध्यरेषा दोन पावलांवर, आम्ही सगळे रेषेच्या या बाजूला हात पसरून उभे, ढाल आमची झालेली.

आणि आवाज थांबला.

तो पडला नाही. उभा राहिला. तोंड मिटलेलं, आमच्याकडे बघत. पंचाने शिट्टी वाजवली तरी तिथेच उभा होता.

परतीची वाट

बक्षीस समारंभाला न थांबता आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलो. पुंजाराम मागच्या कडेला पाय सोडून बसला होता. कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं. त्याच्याबद्दल मात्र त्याच्यासमोरच बोलत होते.

"पैसे खाल्ले," एक म्हणाला.

"पैसे न्हाई," गंगाधर म्हणाला. "त्यायनं त्याला सायकल कबूल केली. म्या सकाळी बघितलं, त्यायचा एक माणूस सायकल घिऊन उभा व्हता."

बस. सायकल तिथे जन्माला आली. गावात पोहोचेपर्यंत ती हिरव्या रंगाची झाली होती. पुढे दोन-तीन वर्षांनी पुंजारामने जिनिंगमध्ये काम करून खरंच एक जुनी सायकल घेतली, तेव्हा आमच्या गावाने ती पुरावा म्हणून पाहिली. सायकल काळी होती. रंग बदलून घेतला, असं ठरलं.

मला ठाऊक होतं की सायकल नव्हती, रोडगे होते. मी ट्रॉलीत आप्पांच्या शेजारी बसलो होतो. आप्पांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं रे माणिक?" मी म्हणालो, "मला काय माहीत."

डोंगरकड्याच्या अलीकडे ट्रॅक्टर बंद पडला. ड्रायव्हर खाली शिरला. दिवस कलत होता. सामन्यानंतर जी भूक लागते ती आता सगळ्यांना लागली. सकाळचं तूप केव्हाच जिरलं होतं. पुंजाराम काही न बोलता उतरून गावात गेला.

थोड्या वेळाने तो मावशीला घेऊन आला. तिच्या डोक्यावर दुरडी, त्याच्या हातात कालवणाचं पातेलं. भाकरीचा वास आमच्या आधी ट्रॉलीत चढला.

"या, बसा," मावशीने रस्त्याच्या कडेला धडपा अंथरला. "हारजीत व्हत राहते. म्या सगळ्यायच्या भाकरी थापल्या हायेत. पोरं उपाशी हायेत म्हनला ह्यो."

आम्ही उपाशी आहोत हे त्याने सांगितलं होतं.

आप्पा खाकरले. "मावशी, तुमी तकलीफ काहून घेतली? आज आमचा उपास हाये."

"समद्यायचाच?"

"समद्यायचाच."

मावशीने आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. "ह्या बोडक्याचाबी?"

"सकाळी रोडग्याची रास संपवली त्यानं," पुंजाराम म्हणाला. "आता उपास धरला."

"बराबर हाये," मावशी म्हणाली. "खेळतानी धरायला माह्या लेकराचा हात पाह्यजे, खातानी उपास पाह्यजे. मले आधी सांगितलं आसतं तर पीठ तरी वाचलं आसतं."

ती माझ्यापाशी थांबली. "अन् तुहा काय, कॅप्टन? तुहाबी उपास?"

मी ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत राहिलो. भाकरी गरम होती, तिच्यावर लाल मिरचीचा ठेचा होता. मला हात पुढे करायचा होता. आप्पांची नजर माझ्यावर होती. "व्हय," मी म्हणालो.

पुंजाराम धडप्यावर एकटा बसला आणि जेवला. घाई केली नाही. एकेक घास मोडून, कालवणात बुडवून, चावून चावून. आम्ही सगळे ट्रॉलीत बसून त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. जेवून झाल्यावर त्याने हात धुतला, मावशीची दुरडी डोक्यावर घेतली आणि तिच्याबरोबर गावात गेला. ट्रॅक्टर सुरू झाला. तो आला नाही. आम्हीही हाक मारली नाही. आमच्या संघाकडून तो पुन्हा कधी खेळला नाही, आणि त्याच्याशिवाय आमच्या संघाने पुन्हा काही जिंकलं नाही.

शेवटी हिंगोली

इथवर लिहून झाल्यावर वाटलं, ज्याच्याबद्दल आहे त्याला वाचून दाखवावं. पुंजाराम सरकारी नोकरी करून निवृत्त झाला आणि आता हिंगोलीत मुलाकडे राहतो. इतक्या वर्षांत आम्ही लग्नाकार्यात नमस्कारापुरते भेटलो होतो. मी त्याच्या घरी गेलो. सूनबाईने चहा आणला. मी प्यायलो.

"चहा पिलास," तो म्हणाला. "हे त्याच्यात लिहू नको. लोकायला वाटंल लई मोठं काम केलंस."

मी वाचून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर मी म्हणालो, "तू विकला गेला न्हवतास. उपाशी व्हतास, माझ्यामुळं. म्हणून दम तुटला. हे आता सगळ्यांना कळू दे."

तो बराच वेळ हसला. दात नसलेलं तोंड उघडून, आवाज न करता.

"उपाशी? माणिक, उपाशीपोटी पळायला मी नवीन व्हतो का? तू नवीन व्हतास. एक टायम चुकला की तुमच्या घरात डॉक्टर यायचा."

"मंग?"

"तू येतो म्हनलास, म्हणून फाटकाशी उभा राहिलो. लई वेळ. मंग आत डोकावलं. तू ओसरीवर झोपला व्हतास, गालाखाली हात घिऊन, लेकरावानी. जागं करावं वाटलं न्हाई."

"मला हाक मारायची."

"काहून? मला जेवन पाह्यजे व्हतं, उपकार न्हाई." तो पुढे सरकला. "तरीबी जिंकायलाच उतरलो व्हतो. खेळात खोट न्हाई करायची. दोन गडी मारले, माघारी वळलो, अन् तुमी सगळे दिसलात. रेषेवर हात पसरून. आप्पा म्हनून राहिले, माह्या वाघा. मनात आलं, ही दोन पावलं टाकली की ढाल तुमची, अन् मी पुन्हा फाटकाशी. मंग बोलनं बंद केलं. काहीच अवघड न्हवतं."

इतकी वर्षं मी माझ्या अपराधाला जपलं होतं. भुकेलेला, बिचारा, माझ्या झोपेचा बळी पुंजाराम. तोही आप्पांच्या फोटोसारखाच मला सोयीचा निघाला.

"नीट दिसावं म्हनून उभा राहिलो," तो म्हणाला. "पडलो न्हाई, बसलो न्हाई. तरी तुमच्यातल्या एकालाबी समजलं न्हाई. सायकल दिसली, भूक दिसली, मी न्हाई दिसलो."

"सायकलीचा राग हाये का?"

"न्हाई. सायकल चांगली व्हती, लई वर्षं चालली. पन 'दम तुटला' म्हनतेत, त्याचा येतो. तू लिहूनच राहिलास, तर तेवढं बराबर कर."

म्हणून स्मरणिकेच्या पोरांसाठी ही दुरुस्ती, बाकी काही छापा अगर छापू नका: मोठ्या ढालीच्या सामन्यात पुंजारामचा दम तुटला नव्हता. अजून बराच शिल्लक होता. तो त्याने आमच्यासाठी वापरला नाही.